सिगरेट सोडल्यावरचा पहिला आठवडा आणि ती पाच मिनिटं

लोकं विचारतात काहून सोडली, डॉक्टरनं सांगितलं का, घरून प्रेशर होतं का, किती वर्षांपासून ओढत होता. पण सोडल्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी चार वाजता ऑफिसच्या खुर्चीत बसल्या बसल्या अंगात जे सुरू होतं त्याबद्दल धड कोणी बोलत नाही. फार तर "मनावर घे, होऊन जाईल" असं म्हणतात. मनावर घेतलेलंच असतं, म्हणून तर सोडली न. प्रश्न असतो त्या चार वाजताचा, मग सहा वाजताचा, मग रात्री जेवण झाल्यावरचा. माझे सगळ्यात जड दिवस नुकतेच मागे पडले आहेत, सगळं ताजं आहे, अजून दोन महिन्यांनी लिहायला बसलो तर अर्धं विसरून जाईन म्हणून आत्ताच लिहून राहिलो. जो कोणी येत्या सोमवारपासून नाहीतर एक तारखेपासून सोडायचं म्हणत असेल त्याच्यासाठी आहे हे.

डॉक्टरांनी मला एका कागदावर रेघा ओढून एक गोष्ट समजावून सांगितली होती, पहिले दिवस मी तिच्याच भरवशावर काढले. तलफ एक नसते, दोन असतात. एक अंगातली. धूर आत घेतला की निकोटिन काही सेकंदांत मेंदूपर्यंत पोचतं आणि रक्तातलं त्याचं प्रमाण साधारण दोन तासांत अर्ध्यावर येतं, म्हणून तर सवयीच्या माणसाचा हात दर तास-दीड तासानं खिशाकडे जातो. मेंदू वर्षानुवर्षं त्या निकोटिनवर चालायला शिकलेला असतो, ते पकडणारे रिसेप्टर त्यानं वाढवून ठेवलेले असतात, आणि एक दिवस आपण पुरवठाच बंद करतो. मग चिडचिड, डोकं जड, एका जागी बसवत नाही, लक्ष लागत नाही, सारखी भूक, रात्री झोप मोडते, पोट साफ होत नाही. हे दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सगळ्यात जास्त असतं आणि नंतर दोन ते चार आठवड्यांत उतरत जातं. तुम्ही कुठं आहात, कोणासोबत आहात याच्याशी त्याचा फारसा संबंध नाही, ते मागे हळूहळू सुरूच असतं.

दुसरी तलफ जागेची आणि वेळेची. चायचा ग्लास हातात आला, गाडी स्टँडवर लावली, पार्टीचा फोन संपला, जेवून हात धुतले, की एकदम उसळी मारून येते. ही जोरात येते, अगदी आत्ताच्या आत्ता पाहिजे असं करून सोडते, पण हिचा जीव छोटा असतो. तीन मिनिटं, पाच मिनिटं, फार झालं तर थोडी जास्त. आणि तुम्ही सिगरेट ओढली तरी ती जाते, नाही ओढली तरी जाते. बहुतेक लोकांना वाटतं की नाही ओढली तर ती वाढतच जाईल, वाढत वाढत डोकं फुटेल. तसं होत नाही. चढते, वर जाते, थोडा वेळ तिथंच थांबते आणि उतरते. ज्याला हे माहीत आहे त्याला ते पाच मिनिटं काढायची असतात, ज्याला माहीत नाही त्याला वाटतं आता सगळं आयुष्य असंच काढायचं आहे, आणि त्या विचारानंच माणूस ठेल्यावर जाऊन उभा राहतो.

आमच्या ऑफिसच्या मागच्या बाजूला लोखंडी जिना आहे, सगळे तिथंच जाऊन ओढायचे, मीही. दुसऱ्या दिवशी जेवण झाल्यावर इतकी जोरात आली की जबडा आवळला, छातीच्या मध्यभागी काहीतरी ओढल्यासारखं, आणि उजवा हात आपोआप शर्टाच्या खिशावर. खिसा रिकामा. मी मोबाईल काढून त्याच्यावर वेळ पाहिली आणि टेबलावर उलटा ठेवून दिला, एक ग्लास पाणी हळूहळू एकेक घोट करून प्यायलो, पुढ्यातल्या बिलांची फाईल काढून नंबरांवर टिक मारत बसलो, उगाचच, ती काही अर्जंट नव्हती. पहिले दोन मिनिटं नंबर दिसत होते पण वाचले जात नव्हते. मग एका ठिकाणी बेरीज चुकलेली दिसली, ती शोधायला लागलो, आणि चूक भेटल्यावर लक्षात आलं की जबडा सैल झाला आहे. मोबाईल सरळ करून पाहिला तर सात मिनिटं झाली होती. मला त्या दिवशी जे बळ आलं ते कोणाच्या भाषणानं आलं नसतं. कारण की आता मला स्वतःच्या अंगावर दिसलं होतं की ही जाते.

तर माझं म्हणणं एवढंच आहे की पहिल्या आठवड्यात सगळा भार मनाच्या ताकदीवर टाकू नका, तो वेळापत्रकावर टाका. ऐन तलफेच्या वेळी डोकं विचार करत नसतं, तेव्हा काय करायचं हे आधीच ठरलेलं पाहिजे. मी सोडायच्या आधीचे काही दिवस सिगरेट ओढत होतो तेव्हाच एका कागदावर लिहीत गेलो, किती वाजता, कुठं, कोणासोबत, त्याच्या आधी काय चालू होतं. दिवसाला किती हे सगळ्यांना माहीत असतं, पण कुठली कशाला चिकटलेली आहे हे लिहिल्याशिवाय समजत नाही. माझ्या कागदावर दिसलं की सकाळची गच्चीवरची, बर्डीवर म्हणजे सीताबर्डीला पोचल्यावरची, अकराच्या चायची, जेवणानंतरची आणि घरी निघतानाची या खऱ्या घट्ट होत्या. बाकीच्या अशाच, कोणी दिली म्हणून घेतली टाईप. त्या बाकीच्या सुटायला काहीच त्रास झाला नाही. घट्टवाल्या प्रत्येकीच्या समोर मी दुसरं काहीतरी लिहिलं, आणि ते लिहिलेलं बायकोला दाखवलं, म्हणजे नंतर पलटता येऊ नये.

सकाळची सगळ्यात अवघड. सध्या नागपुरात थंडी पडून राहिली आहे, सकाळी गच्चीवर गेलं की तोंडातून वाफ निघते आणि ती वाफ पाहिली की झालंच. म्हणून गच्ची बंद केली. उठलो की आधी दात घासायचे, तोंड थंडगार पाण्यानं धुवायचं आणि सरळ चपला घालून खाली, सुभाषनगरहून अंबाझरीच्या बाजूला पायी. व्यायाम म्हणून नाही हो, फक्त त्या वेळी गच्चीवर नसावं म्हणून. पण चालण्याचा खरंच उपयोग होतो, दहा मिनिटं भरभर चाललं तरी तलफ उतरते, हे बऱ्याच अभ्यासांमध्ये दिसलेलं आहे आणि मला तर पहिल्याच सकाळी जाणवलं. तलावाजवळ सकाळी इतकी माणसं चालत असतात, म्हातारे, कॉलेजची पोरं, स्वेटर-कानटोपीवाले, आणि त्यांच्यात कोणीच ओढत नसतं, त्यानंही फरक पडतो.

ऑफिसला जायचा रस्ताच बदलला. पहिले बाईकनं जायचो, शंकरनगर चौकाच्या अलीकडे एक थांबा, बर्डीवर गाडी लावली की दुसरा. आता सुभाषनगरला मेट्रो पकडतो आणि सीताबर्डीला उतरतो. मेट्रोत आणि स्टेशनात ओढता येत नाही, तेवढा वेळ प्रश्नच येत नाही, आणि धरमपेठ कॉलेजच्या आधी उजव्या-डाव्या बाजूला पाहत बसलं की तलावाचं पाणी दिसतं. बाईकची चावी मी पहिले दोन आठवडे घरीच ठेवली. बाईक म्हणजे कुठंही थांबायची मोकळीक आणि मला नेमकी तीच नको होती.

तरी बर्डीवर उतरल्यावर ठेला येतोच, त्याला इलाज नाही. त्यात हे विधिमंडळाच्या हिवाळी अधिवेशनाचे दिवस, मोर्चे, बंदोबस्त, बाहेरगावची माणसं, प्रत्येक पानठेल्यावर आणि चायच्या ठेल्यावर गर्दी आणि धूर. आमच्या रोजच्या ठेलेवाल्यानं मला रस्त्याच्या पलीकडून जाताना पाहिलं आणि हाक मारली, "काय भाऊ, दिसून नाही राहिले, तब्येत बरी हाये न?" मी त्याला जाऊन सांगितलं की सोडली. तो म्हणाला, "चांगलं केलं भाऊ. आता माह्याकडे आले तं पाण्याची बाटल घ्या, सिगरेट मागतली तरी मी देत नाही तुमाले." आणि खरंच त्यानं एकदा माझ्यासोबतच्या माणसाला सांगितलं, "यांच्यासमोर नका पेटवू." मी त्या माणसाचा फार आभारी आहे. धंदा त्याचा तोच, तरी.

म्हणून सांगतो, लपवू नका. बरेच जण कोणाला न सांगता सोडतात, की बा फेल झालो तर कोणाला माहीत नको. पण न सांगितल्यावर सोबतचे नेहमीसारखी पेटी पुढे करतात आणि दर वेळी नाही म्हणायला नवीन ताकद लागते. मी ऑफिसमधल्या तिघांना स्पष्ट सांगितलं की मला आठवडाभर विचारायचं नाही, माझ्यासमोर पेटी काढायची नाही, आणि मी स्वतः मागितली तरी द्यायची नाही. एक म्हणालाच, "अबे एक कश घे न, एकानं काय होते." त्याला मी हसून फक्त एवढंच म्हटलं, "नाही बे, माझ्यासाठी तेवढं कर." पुढे त्यानं विचारलं नाही. उत्तर छोटं आणि आधी ठरवलेलं असावं. कारणं सांगत बसलं की वाद सुरू होतो आणि तलफेच्या वेळी आपण वाद हरतो.

आता चाय. हे कोणी सांगत नाही आणि सांगायलाच पाहिजे. सिगरेटच्या धुरातल्या काही रसायनांमुळे लिव्हर कॅफिन लवकर निपटवतं, त्यामुळे ओढणारा माणूस दिवसभर चाय-कॉफी पितो आणि त्याला काही होत नाही. सिगरेट बंद झाली की ते काम मंदावतं आणि तेवढ्याच चायमधलं कॅफिन अंगात जवळपास दुप्पट होऊन बसतं. हे धुरामुळे असतं, निकोटिनमुळे नाही, म्हणजे निकोटिनचा गम किंवा पॅच लावला तरी हे होणारच. मग हात थरथरतात, छातीत धडधड, रात्री दोन वाजेपर्यंत डोळे टक्क उघडे, आणि माणूस म्हणतो सिगरेट सोडल्यानं मला वेड लागून राहिलं, त्यापेक्षा ओढलेली बरी. अर्धा त्रास चायचा असतो. मी चाय निम्म्यावर आणली, संध्याकाळी पाचनंतर बंदच, आणि पिण्याची जागा बदलली. ठेल्यावर उभं राहून काचेच्या ग्लासात नाही, ऑफिसमध्ये स्वतःच्या टेबलावर, स्टीलच्या कपात. ऐकायला काहीच नाही वाटत, पण हातात तो काचेचा ग्लास आला की दुसरा हात रिकामा राहतच नव्हता माझा. काही जणांनी पहिले दोन आठवडे चायच सोडून ताक घेतलेलं मी ऐकलं आहे, ज्याला जमत असेल त्यानं तसं करावं.

हाताला आणि तोंडाला काम पाहिजे हे सगळे म्हणतात. बडीशेप, लवंग, वेलची, ओवा, भाजलेली जवस, चणे, हे सगळं मी खिशात ठेवून पाहिलं, बरं आहे. पण या दिवसांत आपल्याकडे जे आहे त्यासारखं काहीच नाही. संत्रा. आंबिया बहाराचा माल सुरू आहे, जिकडेतिकडे हातगाड्या लागल्या आहेत, आणि मी तलफेसाठी संत्रा वापरतो असं म्हटलं तर लोकांना खोटं वाटेल. पण बघा, संत्रा सोलायला दोन्ही हात लागतात. देठाजवळ अंगठा घातला की सालीतून तो बारीक फवारा उडतो, बोटांना वास लागतो, आपल्या संत्र्याची साल सैल असते म्हणून ती एका तुकड्यात काढायचा प्रयत्न करायचा, मग एकेक फोड सुटी करायची, तिच्यावरच्या पांढऱ्या शिरा काढायच्या, बिया काढायच्या, आणि घाई न करता खायची. एक संत्रा नीट सोलून खायला पाच-सहा मिनिटं सहज जातात. तलफेचा जेवढा वेळ तेवढाच हा. आणि नंतर बोटांना तंबाखूचा पिवळा वास न येता संत्र्याचा वास येतो, तो मी दिवसातून किती वेळा नुसता घेत होतो सांगता येत नाही. माझ्या ड्रॉवरमध्ये जिथं पेटी आणि लायटर असायचं तिथं आता संत्रे असतात.

पण संत्र्याचा एक नियम पाळायचा, जर तुम्ही निकोटिनचा गम घेत असाल तर. तोंडात आंबट असलं की गममधलं निकोटिन नीट शोषलं जात नाही. संत्रा, लिंबूपाणी, कोल्ड्रिंक, कॉफी, यातलं काही खाल्लं-प्यायलं की पंधरा मिनिटं थांबायचं, मग गम, आणि गम तोंडात असताना तर यातलं काहीच नाही. नाहीतर गम बेकार जातो आणि माणूस म्हणतो याचा काही उपयोग होत नाही.

गमबद्दल अजून बोलतो कारण की नव्वद टक्के लोकं तो चुकीचा खातात असं म्हटलं तर अतिशयोक्ती होईल, पण मी ज्यांना पाहिलं ते सगळेच च्युइंगमसारखा चघळत होते. तसा नाही चघळायचा. हळूहळू थोडा चावायचा, तिखट लागलं किंवा हिरडीला झणझण आली की थांबायचं आणि गाल आणि हिरडीच्या मध्ये ठेवून द्यायचा. निकोटिन तिथून आत जातं. झणझण कमी झाली की परत थोडा चावायचा, दुसऱ्या बाजूला ठेवायचा. असं अर्धा तास. सतत चघळला तर सगळं निकोटिन थुंकीसोबत पोटात जातं, उचकी लागते, जळजळ होते, मळमळतं, आणि तलफ आहे तिथंच. दोन मिलिग्रॅमचा गम औषधाच्या दुकानात चिठ्ठीशिवाय भेटतो. ज्याला सकाळी उठल्यावर अर्ध्या तासाच्या आत पहिली सिगरेट लागते त्याचं व्यसन जास्त घट्ट समजतात, त्याला चार मिलिग्रॅमचा लागू शकतो, ते डॉक्टरला विचारून. पॅच पण असतो, तो कातडीवर चिकटवला की दिवसभर थोडं थोडं निकोटिन देत राहतो. म्हणजे बघा, अंगातल्या तलफेसाठी पॅच आणि अचानक उसळणाऱ्या तलफेसाठी गम, दोन्ही डॉक्टरांच्या सल्ल्यानं सोबत चालतात. काही जण म्हणतात की एक विष सोडून दुसरं कशाला. निकोटिननं सवय लागते हे खरं, पण कॅन्सर, हार्ट आणि फुप्फुसाचं वाटोळं मुख्यतः धुरातल्या डांबरानं, कार्बन मोनॉक्साईडनं आणि बाकी हजारो रसायनांनी होतं. गममध्ये धूर नाही. काही आठवडे घेऊन हळूहळू कमी करत बंद करायचा असतो. हार्टचा त्रास, गरोदरपण, इतर औषधं चालू असतील तर आधी विचारूनच घ्या. गोळ्या पण आहेत तलफ कमी करणाऱ्या, त्या चिठ्ठीशिवाय नाही.

आणि एक नंबर, तो तर पेटीवरच छापलेला असतो, २०१८ पासून. १८००-११-२३५६, टोल फ्री. सिगरेट काढताना इतक्या वेळा डोळ्याखालून गेलेला असतो आणि कोणी लावत नाही. मी लावला. पलीकडच्या बाईंनी मला पंधरा-वीस प्रश्न विचारले, तारीख ठरवायला लावली. लेक्चर अजिबात दिलं नाही. ०११-२२९०१७०१ वर मिस कॉल दिला की मोबाईलवर मेसेज येत राहतात, ते पण सरकारचंच आहे.

आता खर्रा. विदर्भातल्या माणसाला सिगरेट सोडताना हा सगळ्यात मोठा धोका आहे आणि याच्यावर मी जीव तोडून सांगतो. सिगरेट सोडली की चौथ्याच दिवशी कोणीतरी म्हणतं, "अरे मग खर्रा घे न, धूर तर नाही जात छातीत." ठेल्यावर माणूस प्लास्टिकमध्ये सुपारी, तंबाखू, चुना टाकून घोटत बसलेलाच असतो, त्याचा तो घासायचा आवाज, आणि आपल्या तोंडाला काहीतरी पाहिजेच असतं. मी माझ्या ओळखीतले कितीतरी जण असे पाहिले ज्यांनी सिगरेट सोडली, सगळ्यांनी पाठ थोपटली, आणि वर्षभरात खर्ऱ्याच्या पुड्या दिवसभर चालू. खर्ऱ्यात तंबाखू तर आहेच, म्हणजे निकोटिनची सवय तीच, आणि वरून सुपारी. सुपारी स्वतः, तंबाखूशिवाय सुद्धा, कॅन्सर करते हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेनं कधीचं सांगितलेलं आहे. तोंडातली कातडी आतून कडक होत जाते, तोंड उघडणं कमी होतं, आधी तिखट सोसवत नाही, मग पाणीपुरी तोंडात जात नाही. स्वतःच्या हाताची तीन बोटं उभी करून तोंडात घालून पहा. जात नसतील तर डेंटिस्टकडे लवकर दाखवा, दुखत नाही म्हणून थांबू नका. आमच्या गल्लीतला एक मुलगा, अजून तिशीचा नाही, जबड्याचं ऑपरेशन होऊन घरी आहे. त्याची आई पातळ वरण करते, त्यातून डाळीचा कणही राहू नये म्हणून गाळणीतून काढते. मी त्याला भेटून आलो आणि रस्ताभर माझ्याच्यानं बोलवलं नाही. सिगरेटच्या बदल्यात खर्रा घेऊ नका. तलफ सोसा, संत्रा खा, गम खा, शिव्या घाला, पण ते नको.

घरी काय होतं तेही लिहितो. चिडचिड होते. पोरीनं पेन्सिल पाडली तरी आवाज चढतो. मी आधीच सांगून ठेवलं होतं की दोन आठवडे मी थोडा असातसा वागेन, ते तुमच्यावर नाही. बायको म्हणाली, "चिडा, पण पोरीवर नका चिडू, माझ्यावर चिडा." हे वाक्य ऐकून घशात आलं माझ्या. मग आमच्यात असं ठरलं की राग येऊन राहिला असं वाटलं की मी काही न बोलता उठायचं आणि खाली एक चक्कर मारून यायचं, आणि मी कुठं चाललो हे कोणी विचारायचं नाही. पोरीला वाटायचं बाबा कचरा टाकायला जातात. झोपेचं म्हणाल तर पहिल्या रात्री तुटक झोप, आणि स्वप्नात सिगरेट ओढताना दिसते, इतकी खरी की उठल्यावर तोंडाचा वास पाहावा. हे खूप जणांना होतं, घाबरायचं नाही. पण कोणाला नुसती चिडचिड नाही तर फार उदास वाटायला लागलं, कशातच मन लागत नाही, जगावंसं वाटत नाही असे विचार आले, आधी डिप्रेशनचा त्रास झालेला असला, तर थांबू नका, लगेच डॉक्टरकडे जा. सिगरेट सोडता सोडता जीवावर घ्यायचं नाही.

खोकला वाढू शकतो, हे पण आधी सांगून ठेवतो कारण की लोकं म्हणतात सोडल्यावर तर मला जास्तच त्रास झाला. श्वासनळीतले बारीक केस धुरानं लुळे पडलेले असतात, ते परत काम करायला लागतात आणि साचलेला कफ बाहेर ढकलतात. काही आठवडे चालतं. भूक वाढते, वजन थोडं वाढतं, पहिल्या वर्षात चार-पाच किलो वाढणं कॉमन आहे, त्याची काळजी पहिल्या महिन्यात करू नका, एका वेळी एकच लढाई. आणि चांगलं पण लवकर सुरू होतं. शेवटच्या सिगरेटनंतर वीस मिनिटांत नाडी उतरते, बारा तासांत रक्तातलं कार्बन मोनॉक्साईड नॉर्मलवर येतं, दोन ते बारा आठवड्यांत रक्ताभिसरण आणि फुप्फुसाचं काम सुधारतं, एका वर्षात हार्टच्या आजाराचा वाढलेला धोका निम्म्यावर येतो. मला तर आधी वास परत आले. आईनं वरणाला हिंग-जिऱ्याची फोडणी दिली आणि ती मला बाहेरच्या खोलीत समजली, मी उठून स्वयंपाकघरात जाऊन उभा राहिलो.

सुटी, एकेक विकली जाणारी सिगरेट ही अजून एक अडचण. महाराष्ट्रात २०२० पासून सुटी विकायला बंदी आहे, तरी ठेल्यावर भेटते, आणि सोडलेल्या माणसाला तीच पाडते. पूर्ण पेटी घ्यायला मन धजत नाही पण एक घ्यायला काय, असं वाटतं. एकीनं त्या मेंदूला परत आठवतं आणि पुढची तलफ आधीपेक्षा लवकर येते. म्हणून खिशात सुटे पैसे नको आणि यूपीआय असल्यामुळे तेही पुरत नाही, तर ठेल्यासमोर थांबायचंच नाही हे बरं. समजा कोणाची ओढली गेलीच, तर "आता गेलंच, उद्यापासून परत" असं म्हणून दिवसभर ओढायची नाही. त्याच मिनिटाला उरलेली पाण्यात भिजवून फेकायची, गम किंवा पॅच चालू असेल तर डॉक्टरला सांगून पुढे चालू ठेवायचा, आणि कागदावर लिहायचं की कुठं होतो, कोण होतं, काय पीत होतो. बहुतेक वेळा तिथं दारू लिहिलेली सापडते. दोन पेग झाले की ठरवलेलं काही आठवत नाही, म्हणून पहिला महिना-दीड महिना बसणंच नको. सावजीचं जेवण पण माझ्यासाठी तसंच आहे, तो तिखट रस्सा ओरपला, नाक-डोळे वाहिले की पुढचं काय ते अंगाला पाठ आहे. सध्या घरीच खातो, जेवल्याबरोबर ताटावरून उठून ब्रश करतो, तोंडात टूथपेस्टची चव असली की बरंच सोपं जातं.

जानेवारीअखेर चुलतभावाचं लग्न आहे, कामठी रोडच्या एका लॉनवर. मला माहीत आहे जेवण झाल्यावर सगळे भाऊबंद पार्किंगच्या बाजूला जाऊन उभे राहतात, शेकोटी असते, आणि तिथल्या गप्पा सोडवत नाहीत. मी मोठ्या भाऊजींना सांगून ठेवलं आहे, ते ओढत नाहीत, आमची जेवणं झाली की ते आणि मी म्हाताऱ्या माणसांना घरी सोडायची पहिली खेप आमच्या गाडीनं नेऊ. परत येईपर्यंत ती मंडळी पंगतीच्या बाजूला आलेली असतील. गाडीच्या डॅशबोर्डवर गमची पट्टी आणि मागच्या सीटवर संत्र्यांची पिशवी, तेवढं बायकोनं आत्ताच यादीत लिहून ठेवलं.